फोटो एकदाच निघाला पाहिजे: सुरक्षित एक्स-रे मशीन म्हणजे नेमकं काय?

७ डिसेंबर २०२४ ला क्षयरोगाची १०० दिवसांची मोहीम देशभर सुरू झाली आणि हातात धरता येणारं एक्स-रे मशीन गावोगाव दिसू लागलं. समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर. मोठ्या कॅमेऱ्याएवढं यंत्र, एक पातळ प्लेट आणि एक लॅपटॉप, एवढाच पसारा. अशाच एका शिबिरात रांगेतल्या आजींनी टेक्निशियनला हटकलं, "बाळा, तालुक्याला फोटो काढतात तेव्हा आम्हाला बाहेर काढतात, दारावर लाल दिवा लावतात. इथं किरणं कमी झाली का काळजी?"

मी एक्स-रे मशीन तपासायचं काम करतो. आपल्याकडे दर दोन वर्षांनी प्रत्येक मशीनची तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी माझ्यासारखी माणसं बॅगेत मीटर घालून एसटीने हिंडत असतात. नवीन मशीन घेणारे बरेच डॉक्टर फोन करून सल्ला विचारतात. किती एमएचं घेऊ, वॉरंटी किती, हप्ता किती बसेल. आजींचा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विचारल्याचं आठवतं. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

किरणं येतात कुठून, जातात कुठे

एक्स-रे ट्यूब हा एक हवा काढून घेतलेला बल्ब. एका टोकाला तापलेली तार, दुसऱ्या टोकाला टंगस्टनचा तुकडा. मध्ये प्रचंड व्होल्टेज लावलं की तारेतले इलेक्ट्रॉन सुसाट जाऊन टंगस्टनवर आदळतात. त्या धडकेतली ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेल्या जेमतेम एका टक्क्याची एक्स-किरणं होतात. यात किरणोत्सारी पदार्थ कुठेही नाही. बटण सोडलं की किरणं संपली, ट्यूबलाइट बंद केल्यावर उजेड संपतो तशी. फोटो काढून झाल्यावर एक्झॉस्ट लावून खोलीतली किरणं बाहेर घालवणारे लोक मी पाहिले आहेत. पंख्याचं बिल तेवढं वाढतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातून आलेल्या किरणोत्साराने माणूस दगावला, त्याची आठवण अनेकांच्या मनात असते. पण ते कोबाल्ट-६० भरलेलं प्रयोगशाळेतलं यंत्र होतं, एक्स-रे मशीन नव्हतं.

टेक्निशियनच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी असतात. केव्ही म्हणजे किरणांचा जोर. एमए म्हणजे धार किती मोठी. ती किती सेकंद सोडली त्याने गुणलं की एमएएस, म्हणजे एकूण किती किरणं सोडली तो हिशेब.

सोडलेल्या किरणांचं तीन प्रकारे होतं. थोडी आरपार जाऊन प्लेटवर पोचतात आणि फोटो काढतात. बरीचशी शरीरात मुरतात. काही शरीरावर आपटून चहूकडे उडतात. अंगणात पाइपने भिंत धुताना आपण धारेत उभे नसतो, तरी शिंतोड्यांनी भिजतोच. मशीन चालवणाऱ्याला जी किरणं लागतात ती बहुतेक हे शिंतोडे, आणि ते पेशंटच्या अंगावरून येतात. म्हणून पेशंटला कमी किरणं पुरतील असं मशीन घेतलं की टेक्निशियनचाही भार आपोआप उतरतो. दोघांची सुरक्षितता वेगवेगळी विकत घ्यावी लागत नाही.

पण एवढ्याशा किरणांनी होतं काय?

प्रश्न रास्त आहे. शरीरावर पडलेला भार मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, दगड, हवा, आकाश यांच्याकडून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीचा एक चांगला काढलेला फोटो साधारण ०.०२, म्हणजे तीनेक दिवस नुसतं जगण्याइतका. पोटाचं सीटी स्कॅन मात्र ८ च्या आसपास, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. डॉक्टरांनी गरज आहे म्हणून सांगितलेल्या छातीच्या फोटोला घाबरून घरी बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

मग एवढी उठाठेव कशाला? कारण पेशंटचा फोटो एकदा निघतो, टेक्निशियन दिवसाला शंभर काढतो. आणि लहान मुलांच्या वाढत्या पेशींवर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो, शिवाय पुढचं सगळं आयुष्य बाकी असतं. रॉंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ ला ही किरणं शोधली, तेव्हा लोकांना ती गंमत वाटली होती. एडिसन यांचे मदतनीस क्लॅरेन्स डॅली स्वतःचा हात किरणांत धरून मशीन तपासत. आधी हात भाजले, मग कॅन्सर झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते गेले. एडिसन यांनी त्या कामाला पुन्हा हात लावला नाही.

आपल्याकडे कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी ती १ आहे.

सगळ्यात महाग फोटो, फुकट गेलेला

आता मशीनकडे वळू. जुनी साधी मशीन घरच्या विजेच्या लहरीवरच चालत. त्यात केव्ही शून्यावरून चढतो, पुन्हा शून्यावर उतरतो. हापशासारखं: दांडा मारला की भळ्ळकन पाणी, मग थांबा. चढउताराच्या काळात निघालेली किरणं इतकी मऊ असतात की ती कातडीतच जिरतात, प्लेटपर्यंत पोचत नाहीत. पेशंटला भार, फोटोला उपयोग शून्य. हाय-फ्रिक्वेन्सी मशीन म्हणजे मोटरचा नळ, धार जवळजवळ एकसारखी. तेवढ्याच फोटोला कातडीवर कमी किरणं लागतात.

याहून मोठा फायदा वेळेचा. कंबरेच्या बाजूच्या फोटोला समजा ८० एमएएस लागले. १०० एमएच्या मशीनवर बटण ०.८ सेकंद दाबून धरावं लागेल, ५०० एमएच्या मशीनवर ०.१६ सेकंद. पाऊण सेकंद तसा काहीच नाही, पण दुखणाऱ्या कंबरेच्या आजोबांना किंवा रडणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला विचारा. फोटो हलतो. "जरा पुन्हा घेऊ हं," म्हणतात आणि पेशंटचा भार एका क्षणात दुप्पट होतो. पहिल्या फोटोचा उपयोग कोणालाच झालेला नसतो. कमी किरणांचं म्हणून विकलेलं मशीन दहातले दोन फोटो परत काढायला लावत असेल तर ते कमी किरणांचं नाही. मी डॉक्टरांना सांगतो, जिथे हे मॉडेल बसवलंय अशा एखाद्या दवाखान्यात जा, चहा प्या आणि तिथल्या टेक्निशियनला एकटं गाठून विचारा, दिवसाला रिपीट किती होतात. सेल्समनच्या माहितीपत्रकात हा आकडा नसतो.

गावाकडे आणखी एक भानगड. व्होल्टेज पडलं की जुन्या मशीनचे फोटो फिके येतात, मग टेक्निशियन सवयीने सेटिंग वाढवून ठेवतो, आणि रात्री व्होल्टेज चढलं की तेच सेटिंग जादा किरणं सोडतं. वीज आत साठवून मग वापरणारी मशीन मिळतात. आपल्याकडे लाइटचा भरवसा नसेल तर हे कलम आधी बघावं.

पाखडणं आणि चार नाणी

मऊ किरणं पूर्ण टळत नाहीत, म्हणून ट्यूबच्या तोंडाशी अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. सुपात धान्य पाखडताना फोल उडून जातं आणि दाणा सुपात राहतो, तसं हा पत्रा मऊ किरणं अडवतो आणि जोरकस तेवढी पुढे जाऊ देतो. नेहमीच्या मशीनमध्ये ट्यूबचा स्वतःचा अडथळा धरून एकूण २.५ मिलिमीटर अॅल्युमिनियमइतकी गाळणी असावी लागते. मुलांचे फोटो जास्त काढत असाल तर तांब्याचा पातळ पत्राही घालता येईल असं मशीन घ्या.

पत्र्याखाली असतो कॉलिमेटर. शिशाची झडपं आणि एक दिवा. झडपं आवळली की किरणांचा चौकोन लहान होतो, आणि तो कुठे पडणार ते दिव्याचा उजेड आधीच दाखवतो. हाताच्या फोटोसाठी अख्खा झोत उघडा टाकणं म्हणजे एका रोपाला पाणी द्यायला सगळ्या शेतात पाट सोडण्यासारखं. उघड्या भागातले शिंतोडे फोटोही धुरकट करतात.

पण उजेड जिथे पडतो तिथेच किरणं पडतात का? हे बघायला माझ्या बॅगेत भारी मीटर आहे, तरी मी आधी खिशातली चार नाणी काढतो. प्लेट टेबलावर ठेवायची, उजेडाचा चौकोन तिच्याहून लहान करायचा आणि चारही कडांना आतून एकेक नाणं टेकवून एक्सपोजर द्यायचं. फोटोत नाणी सांगतात उजेड कुठे होता, काळा चौकोन सांगतो किरणं कुठे पडली. एका मीटर अंतरावर दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालतो. एका दवाखान्यात हा फरक चारच्या वर निघाला. वरचं नाणं फोटोत दिसेचना. दोन महिन्यांपूर्वी दिवा गेला म्हणून तिथल्या इलेक्ट्रिशियनने बदलला होता, बदलताना आतला आरसा हलला. तेव्हापासून बाळांच्या छातीचे फोटो "कापले" जात होते आणि टेक्निशियन प्रत्येक वेळी चौकोन मोठा उघडून भागवत होता. मशीन चांगल्या कंपनीचं, नवंकोरं. दुरुस्तीला लागला एक स्क्रू आणि वीस मिनिटं.

दातांच्या दवाखान्यात हाच हिशेब आणखी सोपा आहे. दातांच्या मशीनचा गोल पाइप साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे गालावर २८ चौरस सेंटिमीटरचा झोत. आत ठेवलेली प्लेट ३ बाय ४ ची, म्हणजे १२. अर्ध्याहून जास्त झोत प्लेटला लागतच नाही. गोलाऐवजी चौकोनी तोंडाचा जोड मिळतो. नेम नीट धरावा लागतो एवढंच.

डिजिटल घेतलं की किरणं आपोआप कमी?

हा सर्वांत पक्का गैरसमज. फिल्मच्या काळात किरणं जास्त झाली की फोटो काळाठिक्कर यायचा. भाजीत मीठ जास्त पडलं की जिभेला कळतं तसं. डिजिटल मशीन हे असं स्वयंपाकघर आहे जिथे मीठ कितीही घाला, भाजी अळणी असली तरच कळतं. किरणं कमी पडली तर फोटो खरखरीत दिसतो. दुप्पट-तिप्पट झाली तर संगणक उजेड-अंधार जुळवून सुंदर फोटो हातात देतो. डॉक्टर खूश, म्हणून टेक्निशियन सेटिंग थोडं वरच ठेवतो. दर महिन्याला थोडं थोडं वर. कोणाची तक्रार नाही.

यावर उपाय मशीनमध्येच असतो. प्रत्येक फोटोबरोबर पडद्यावर एक आकडा येतो, एक्सपोजर इंडेक्स. प्लेटवर किती किरणं पोचली ते तो सांगतो. त्याच्या शेजारी, ठरवलेल्या पातळीपेक्षा किती वर-खाली गेलो हे दाखवणारा दुसरा आकडा असतो. मशीन घेताना हे आकडे दिसतात का, साठवून ठेवले जातात का आणि बसवायला येणारा इंजिनिअर ते समजावतो का, हे विचारावं. पुरेशी किरणं प्लेटवर पोचली की आपोआप बंद होणारी सोय असेल तर उत्तमच. प्लेटमध्येही फरक असतो. सिझियम आयोडाइडची प्लेट स्वस्तातल्या प्लेटपेक्षा महाग पडते, पण तेवढ्याच स्पष्ट फोटोला कमी किरणांत भागवते. पैसे कुठे तरी वाचवायचेच असतील तर मोटरच्या टेबलात आणि रंगीत टचस्क्रीनमध्ये वाचवावेत, प्लेटमध्ये नाही.

भिंत हाही मशीनचाच भाग

एका नव्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा मशीन बसून झालं होतं. छातीचा स्टँड ज्या बाजूला लावला होता ती भिंत ठोकून पाहिली. पोकळ आवाज. प्लायवूडचं पार्टिशन, वर छान लॅमिनेट. पलीकडे गेलो तर पार्टिशनला पाठ टेकून बाकावर पाच-सहा पेशंट बसलेले, एका बाईंच्या मांडीवर तान्हं मूल. छातीच्या प्रत्येक फोटोत आरपार गेलेली उरलीसुरली धार थेट त्या बाकाकडे जात होती. मशीनचा माझा रिपोर्ट निर्दोष आला असता, कारण मशीनमध्ये खरंच दोष नव्हता. तो दिवस मीटर न काढता डॉक्टरांशी भांडण्यात गेला. शेवटी स्टँड समोरच्या बाहेरच्या भिंतीवर हलवला आणि पार्टिशनच्या जागी वीटकाम झालं.

नऊ इंची विटांची पक्की भिंत नेहमीच्या एक्स-रेला पुरते. दाराला आतून शिशाचा पत्रा लागतो. खिडकी असेल तर ती उंचावर हवी. मशीनच्या किमतीत हे धरलेलं नसतं, म्हणून आधी खोलीचा नकाशा करून घ्यावा आणि मग कोटेशन मागवावं.

कर्मचाऱ्याच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, बॅज हवा. त्यातल्या चकत्या किरणांची आठवण धरून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी तपासल्या जातात. एका ठिकाणी बॅजचा आकडा भलताच चढला म्हणून मला बोलावलं. मशीन ठीक, भिंती ठीक. टेक्निशियनताईंनी बॅज एप्रनलाच अडकवून ठेवला होता, आणि एप्रन टांगला होता एक्स-रे टेबलाच्या डोक्याशी. त्या तीन महिन्यांत ताई सुरक्षित होत्या, किरणं खात होता तो बॅज.

मग आजींना काय सांगायचं?

शेकोटीपासून एक पाऊल मागे सरकलं की धग झटकन कमी होते. किरणांचं तसंच: अंतर दुप्पट केलं की भार चौथाई. ढोबळ हिशेब करू. छातीच्या फोटोत पेशंटच्या पाठीवर समजा ०.२ मिलिसिव्हर्ट पडले. एक मीटरवर पोचणारे शिंतोडे त्याच्या सुमारे हजारावा भाग असतात. दिवसाला १०० फोटो, वर्षाला २५० दिवस धरले, तर एक मीटरवर उभ्या माणसाला वर्षात ५ मिलिसिव्हर्ट होतात आणि दोन मीटरवर सव्वा. आजी तिथे वर्षभर उभ्या राहणार नाहीत, दहा मिनिटं असतील. त्यांचा भार मोजायलाही कठीण. टेक्निशियनची गोष्ट वेगळी, त्याने मात्र हातातलं यंत्र शक्यतो हातात धरू नये. स्टँडवर लावावं, एप्रन घालावा, लांबून चालणारं बटण घेऊन मागे सरकावं आणि झोताच्या दिशेला माणसं नसलेली बाजू निवडावी. म्हणजे आजी, काळजी कमी झालेली नाही. भिंतीचं काम इथे अंतराने करायचंय.

हातातलं प्रत्येक यंत्र मात्र विश्वासाचं नसतं. २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नियामकांनी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या दातांच्या स्वस्त हातातल्या यंत्रांविरुद्ध इशारा दिला, कारण ट्यूबभोवती पुरेसं शिसं नव्हतं आणि गळणारी किरणं धरणाऱ्याच्याच हाताला लागत होती. नेहमीच्या मशीनला एक मीटरवर तासाला १ मिलिग्रेहून (हेही किरणं मोजायचं एक माप) जास्त गळती चालत नाही. किमतीत फार मोठा फरक दिसला तर शिसं कुठे कापलंय ते आधी शोधावं.

सी-आर्म, जिथे खरंच जपावं

ऑर्थोपेडिक ऑपरेशनमध्ये वापरतात ते इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं मशीन. इथे सर्जन भिंतीमागे जाऊ शकत नाही, अर्ध्या मीटरवर उभा असतो आणि किरणं मिनिटं-मिनिटं चालू असतात. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. अखंड झोताऐवजी ठोके देऊन चालण्याची सोय हवी, आणि ठोके कमी करता यायला हवेत. पायाने दाबायच्या बटणावरून पाय काढल्यावर शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहायला हवं, म्हणजे बघण्यासाठी पुन्हा दाबावं लागत नाही. आणि प्रत्येक केसचा एकूण भार मोजून दाखवणारा मीटर हवा. वापरताना ट्यूब टेबलाखाली ठेवावी. शिंतोडे ट्यूबकडच्या बाजूला जास्त उडतात, ते मग चेहऱ्याऐवजी खाली जातात. डोळ्यांतल्या भिंगाला किरणांनी मोतीबिंदू होऊ शकतो हे ध्यानात आल्यावर २०११ मध्ये किरणांपासून संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्यांसाठीची वर्षाची मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून २० वर आणायला सांगितलं. शिशाच्या काचेचा चष्मा सर्जनला जड वाटतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याहून जड.

"मला एप्रन दिलाच नाही!"

ही तक्रार वाढणार आहे, आणि त्यात दर वेळी हलगर्जीपणा असेल असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने पेशंटच्या ओटीपोटावर सरसकट शिसं ठेवणं बंद करा असं सांगितलं. २०२४ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने दातांच्या फोटोसाठीही एप्रन आणि गळ्याची पट्टी गरजेची नाही असं जाहीर केलं. कारण झोत नीट आवळला असेल तर बाहेर फारसं काही जातच नाही, आणि शरीराच्या आत उडालेले शिंतोडे बाहेरचं शिसं अडवू शकत नाही. उलट शिसं झोतात आलं तर हवं ते झाकतं, फोटो परत काढावा लागतो. आपोआप बंद होणारं मशीन तर शिसं बघून "किरणं कमी पडली" समजतं आणि आणखी सोडतं.

मुलाला धरून उभ्या राहिलेल्या आईला किंवा मामाला मात्र एप्रन मिळालाच पाहिजे. तो मागून घ्या. आणि दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर फोटोआधी सांगा, विचारायची वाट बघू नका.

कागदपत्रं कुठे बघायची

मुंबईत अणुशक्तीनगरला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, सगळे त्याला एईआरबी म्हणतात. कुठलं मॉडेल भारतात विकायला मंजूर आहे त्याची यादी त्यांच्याकडे असते, आणि मशीन चालवायचा परवाना त्यांच्याच ई-लोरा पोर्टलवरून मिळतो. सेल्समनने "सगळं क्लिअर आहे साहेब" म्हटलं की मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्यायचं आणि अक्षर न् अक्षर यादीशी ताडायचं. एका अक्षराच्या फरकाने मॉडेल बदलतं. जुनं मशीन काढतानाही मंडळाला कळवून ते रीतसर बाद करावं लागतं, नुसतं भंगारवाल्याला देता येत नाही.

तरी लोक जुनी मशीन घेतातच. मराठवाड्यातल्या एका डॉक्टरांनी ओळखीतून "एकदम चालू कंडिशन" घेतलं आणि मला तपासायला बोलावलं. ट्यूबवर निर्मात्याची पट्टी नव्हती, नुसती तिची दोन भोकं होती. मॉडेल कुठलं, साल कुठलं, गाळणी किती, काहीच सांगता येईना. नाणी ठेवायची वेळच आली नाही. रिपोर्ट देता येत नाही म्हटल्यावर डॉक्टर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "निदान टेबल तरी ठेवतो." गेल्या वेळी तिकडून जाताना डोकावलो. मशीनवर चादर घातलीय आणि टेबलावर सलाइनचे खोके रचलेत.